पायाच्या अंगठ्यानं धरलेली पटाशी

ये, अशी जवळ सरक. तिकडे पंख्याखाली पाहुण्यासारखी काय बसलीस? खारघरहून इथं यायला आता वेळ तो किती लागतो गं, आणि तोंड दाखवायला तुला तीन महिने लागले. वर कॉलेजात मैत्रिणींना सांगत सुटलीस की आजोबांची बोटं कारखान्यात गेली आणि मग ते आयुष्यभर घरी बसले. कोणी सांगितलं तुला असं? घरी बसले हे खरं. पण बसून काय केलं, ते विचारलंस कधी? राग नाही आला मला. तुझ्या आईलाही मी हे कधी सरळ सांगितलेलं नाही, तर तुला कुठून कळणार. म्हणून लिहूनच ठेवलंय. चौथीपुढे शाळा पाहिली नाही मी, त्यामुळे तोंडात येतं तसंच कागदावर उतरलंय. चुका काढत बसू नकोस, मी वाचून दाखवते, तू ऐक.

मी लग्न होऊन आले तेव्हा नवी मुंबई हे नाव कोणाच्या तोंडात नव्हतं. तुर्भ्याच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून आमचं गाव. घरामागे भातशेती, तिच्यापुढे बांध, बांधापलीकडे चिखल आणि तिवरं. दुपारी सगळं इतकं निवांत व्हायचं की मिठागरावर कोणी मीठ ओढत असलं तर त्या फळीची खरखर घरात ऐकू यायची. मला अजून कधी कधी दुपारी डोळा लागला की ती खरखर ऐकू येते. जागी होते तर बाहेर ट्रक असतो.

सासरे गावचे सुतार. मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या लग्नाआधी दोन वर्षं ते गेले. पाळण्याचे खांब, ताकाच्या रव्या, लाटणी, भोवरे, असं गोल गोल सगळं ते कातून काढायचे. त्यांचं कातायचं साधन म्हणजे दोन ठेंगणे लाकडी खुंट, जमिनीत पक्के बसवलेले, दोघांच्या आतल्या बाजूला एकेक लोखंडी टोक. त्या दोन टोकांच्या मधे लाकूड अडकवायचं आणि त्याला दोरीचे दोन वेढे द्यायचे. समोर एक माणूस बसून दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढणार, लाकूड गरगर फिरणार, पुढे आणि मग मागे, पुढे आणि मागे. दुसरा माणूस पटाशी लावणार. आमच्या घरात त्याला नुसतं खुंट म्हणायचे. सासरे पटाशीला आणि सासूबाई दोरीला, असा त्यांचा तीस वर्षांचा संसार त्या खुंटांच्या दोन बाजूंना झाला.

तुझे आजोबा मात्र त्याच्यात रमले नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला कारखाने उभे राहू लागले होते, त्यातल्या एकात त्यांना लेथवर काम मिळालं. विजेवरचं, लोखंड कातायचं. उभ्यानं काम, खाकी पँट, पायात बूट. आमच्या आळीत बूट घालून कामाला जाणारा पहिला माणूस माझा नवरा, आणि मी दारात उभी राहून ते बूट वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघायची. खोटं कशाला सांगू. सासऱ्यांचे खुंट उपटून माळ्यावर टाकले होते, आणि उरलेल्या लाकडाचे तुकडे चुलीपाशी पोत्यात.

दीड वर्ष गेलं असेल. एके दिवशी दुपारी दोन माणसं त्यांना गाडीतून घरी घेऊन आली. उजवा हात पांढऱ्या फडक्यात. मधली तीन बोटं मशीनच्या पट्ट्यात ओढली गेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

जखम भरली. माणूस काही भरला नाही. सकाळी उठून चहा घ्यायचा आणि बांधावर जाऊन बसायचं, उजवा हात खांद्यावरच्या पंच्याखाली. भरती यायची, ओहोटी लागायची, हे तिथंच. कोणी हाक मारली तर मान हलवायची. आळीतून जायचं झालं तर घरांच्या मागून, शेताच्या कडेनं. मिठागरावर राखणदाराचं काम देतो म्हणून एकजण सांगत आला, त्याला बघून हे आत निघून गेले. लाकूड नको नि लोखंड नको, एवढं मात्र एकदा बोलले.

जेवायला बसले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. डाव्या हातानं जेवावं लागत होतं ना. डाव्या हातानं घास घेणं आपल्यात कसं दिसतं, तुला काय सांगायचं. पहिल्या दिवशी मी ताट हातात घेऊन नुसती उभी राहिले. सासूबाई उठल्या, आपलं ताट उचललं आणि ह्यांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवायला बसल्या. मग मीही तिसरी जाऊन बसले. तिघं एका रांगेत, समोर मातीची भिंत. असे आम्ही कितीतरी महिने जेवलो.

एकदा मी चुलीत घालायला पोत्यातून लाकडं काढत होते. एक तुकडा मोडताना आत पिवळाधम्मक निघाला, ओल्या हळदीसारखा. तो फणसाचा. दुसरा काळा, जड, शिसवीचा. तिसरा सागाचा, तपकिरी. मी ते तिन्ही चुलीत घालायचे सोडून जमिनीवर शेजारी शेजारी लावून बघत बसले. काळा, पिवळा, तपकिरी. भात करपला त्या दिवशी.

मला अळूवडी करताना पाहिलंयस ना तू? पानावर पान लावतो, वळकटी करतो, तोवर ते नुसतं हिरवं गाठोडं दिसतं. सुरी फिरली की आतली नक्षी उघडते. माझ्या डोक्यात तेच आलं. ह्या पट्ट्या एकीला एक चिकटवल्या आणि त्याचा ठोकळा फिरवून वाडगा कातला, तर आतून काय दिसेल? मला सुतारकीतलं काही येत नव्हतं. पण खरं सांगू, मला वाडगा नकोच होता. मला माझा माणूस बांधावरून उठून घरात यायला हवा होता. आणि त्यांना बोलावून ते येणार नव्हते.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माळ्यावरून सासऱ्यांचा रंधा काढून माझ्यापुढे ठेवला. आठ दिवस आम्ही दोघी पट्ट्या सपाट करत होतो. त्या धरायच्या, मी रंधा मारायची, आणि त्या म्हणायच्या, "हलक्या हातानं गो बाय, लाकूड हाय ते, मासा नाय खवलं काढायला." एक वीत लांब आणि चार बोटं उंच अशा बारा पट्ट्या झाल्या. सरस आणला. तुम्ही आता ट्यूब पिळता, तेव्हा सरसाचे खडे पाण्यात घालून, भांड्यात भांडं ठेवून कढवावे लागायचे. सुकटीचा वास मला कधी वास वाटला नाही, पण त्या सरसानं शेजारीण विचारायला आली की घरात काय मेलंय. गरम गरम सरस पट्ट्यांना लावला, काळी, पिवळी, तपकिरी अशा उभ्या एकीला एक लावून सुतळीनं आवळल्या, आणि दाबायला वर जात्याची तळी ठेवली. दोन दिवस दळण बंद. शेजारणीकडून पीठ आणलं, आणि तिला कारण काय सांगायचं ते शेवटपर्यंत सुचलं नाही.

मग परसात खुंट बसवले. ठोकळ्याचे कोपरे तासून तो एका जाड दांड्याला राळेनं चिकटवला, दांड्याला दोरी गुंडाळली. हे सगळं सासूबाईंना तोंडपाठ. त्या दोरीला बसल्या, मी पटाशी घेतली. त्यांनी ओढलं. ठोकळा फिरला, पटाशी एकदम हिसकली आणि माझ्या कानाजवळून जाऊन केळीच्या बुंध्यात घुसली.

बांध परसापासून हाकेच्या अंतरावर. तिथं बसून हे आमचं सगळं बघत होते, आम्हाला वाटलं नव्हतं, पण बघत होते. तरातरा आले. कितीतरी महिन्यांनी त्यांना एवढं भरभर चालताना पाहिलं. केळीतून पटाशी उपटली आणि मला म्हणाले, "दोरी दोन्हीकडे फिरते. लाकूड तुझ्याकडे येतं तेव्हाच पटाशी टेकवायची. मागे जातं तेव्हा उचलायची. डोळा फोडून घ्यायचाय का?"

मी म्हटलं, मला नाही कळत त्यातलं. दाखवा.

त्यांनी पटाशी उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला. अंगठा आणि करंगळी. ती घसरून खाली पडली. मग डाव्या हातात धरली, तर टोक थरथरायला लागलं. पुन्हा पडली. त्यांनी ती तशीच मातीत राहू दिली आणि वळले. मला वाटलं, संपलं. मीच आगाऊपणा केला आणि होतं नव्हतं ते घालवलं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. दोरी हातात तशीच धरलेली, आवाज चढवला नाही, जसं काही आज कालवणात काय घालायचं ते सांगतायत. "तुझा बा हातानं कुठं कातायचा रं? तीस वर्सं समोर बसलेय मी. त्याच्या हातांकडं कवा बघितलंच नाय, पायांकडं बघायची. पटाशी दाबून धरायचा तो पायाच्या अंगठ्यानं. हात नुसता मागं, म्हशीला हाकल्यासारखा. तू बूट घालून मोठा सायेब झालास, म्हणून तुला पाय हायत तेच इसारलास."

हे परत फिरले. मग खाली बसले. मातीत, खुंटांना लागून, सासरे बसत असतील तसे. उजवा पाय पुढे घेतला. पटाशी खुंटांपुढच्या आडव्या फळीवर टेकवली, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे तिची पाती धरली, मूठ डाव्या हातात. पाय बुटात राहून मऊ पडले होते. सासूबाई म्हणाल्या, अजून जवळ घे, टाच उचल, एवढी नको. त्यांना स्वतःला पटाशी कधी लावता आली नव्हती, पण सासऱ्यांचा पाय कसा असायचा ते त्यांनी तसंच्या तसं सांगितलं, बोटाबोटाचं. आणि मला म्हणाल्या, "ये, आता तू धर दोरी. माझे खांदे गेले."

मी दोरीला बसले ती त्या दिवसापासून.

पहिले दोन दिवस नुसती साल निघत होती आणि ह्यांच्या पायाला फोड येत होते. तिसऱ्या दिवशी सूर लागला. ते कसं सांगू तुला. मी डावा हात ओढला की ठोकळा त्यांच्याकडे फिरायचा आणि पटाशीखालून लांब, कुरळी ढलपी निघायची. उजवा ओढला की ते पाती अलगद उचलायचे. डावा, उजवा. लागली, उठली. बोलणं काही नाही. ऊन केळीतून खाली येऊन त्यांच्या पायावर पडायचं. काळ्या, पिवळ्या ढलप्या आमच्या दोघांच्या मधे साठत जायच्या, वाऱ्यानं जरा सरकायच्या. समोर खाडीचं पाणी भरत यायचं, आणि मला वाटायचं की माझ्या हातांनीच ते ओढलं जातंय, मी थांबले तर भरतीही थांबेल. किती वेळ गेला ते कळायचं नाही. एकदा सासूबाईंनी येऊन सांगितलं की दिवे लागले, तुम्ही दोघं कशाच्या उजेडात कातताय.

आणि मग नक्षी उघडायला लागली. सरळ उभ्या पट्ट्या होत्या गं त्या, मी माझ्या हातानं लावलेल्या. पण वाडग्याचं पोट गोलावत गेलं तशा त्या वाकल्या. काळी रेघ खाली उतरून पुन्हा वर चढायची, पिवळी तिला लगटून जायची, तळाशी येऊन सगळ्या एकात एक शिरायच्या. ओहोटी लागल्यावर चिखलावर पाण्याच्या रेषा राहतात ना, अगदी तशा. हे फिरता वाडगा थांबवून बघायचे, पुन्हा मला खूण करायचे. फिरताना सगळं एकच होऊन जायचं, मधाच्या रंगाचं. थांबलं की पुन्हा रेषा. आम्ही दोघंही उगाच थांबवायला लागलो होतो, बघायला.

आत कोरताना मधे एक गड्डा राहतो, टोकाला धरलेला. तो शेवटी काढला, राळ तापवून वाडगा दांड्यापासून सोडवला आणि ह्यांनी तो माझ्या हातात दिला. त्या दिवशी ते पडवीत जेवायला बसले. भिंतीकडे तोंड नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा, काही बोलू नकोस.

आता माझा शहाणपणा ऐक.

आमच्यात कुठलंही नवं भांडं घरात आलं की पहाटे ते पाण्यानं काठोकाठ भरून देवापुढे ठेवायचं. संध्याकाळी दिवा लावला की ते पाणी घरात शिंपडायचं, आणि मगच भांडं वापरायला काढायचं. तांब्याचा हंडा असो, मातीचं मडकं असो. मग हा वाडगा तर घरात जन्मलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून मी तो पाण्यानं भरला, दोन फुलं सोडली आणि देवापुढे ठेवून शेतावर गेले. सरस माझ्याच हातानं पाण्यात विरघळवला होता मी. वास सहन करत ढवळला होता. पण हात जोडताना ते डोक्यात येतंय कुठं.

दुपारी येऊन बघते तर देवघरातून पाण्याचा ओघळ थेट उंबऱ्यापर्यंत. वाडगा उमलला होता. दुसरा शब्द नाही त्याला. बारा पट्ट्या बाहेर कलंडलेल्या, मधे दोन फुलं.

मी खाली बसले. रडू आलं नाही. मला वाडग्याचं दुःख नव्हतं. मला फक्त बांध दिसत होता आणि त्याच्यावर बसलेला तो माणूस, पाठमोरा. पट्ट्या पदरात घेऊन कुठं लपवाव्या ते बघत होते, तेवढ्यात हे दारात.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खाली बसून एक पट्टी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला, बोटाला चिकटा लागला तो बघितला. सासूबाई मागून आल्या. बघितलं आणि म्हणाल्या, "देवाला एवढा आवडला की पान्याबरोबर वाडगा बी प्याला."

ह्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं, रडतायत. हसत होते. मोठ्यानं नाही, आतल्या आत, आणि ते काही केल्या थांबेना. मग मलाही हसू आलं, आणि आता रडूही आलं, दोन्ही. सासूबाई आम्हा दोघांना ओल्या जमिनीवर बसलेलं बघून फडकं आणायला गेल्या.

हसू ओसरल्यावर ते पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होडी चोवीस तास पाण्यात असते. तिच्या फळ्या का नाही सुटत?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"मलाही नाही माहीत. विचारून येतो."

खाली कोळ्यांच्या आळीला तेव्हा एक होडी बांधायला घेतली होती. तिथं जायचं म्हणजे सगळ्या गावातून, सगळ्यांच्या अंगणांपुढून जावं लागायचं. हे उठले. पंचा खांद्यावर होता, तो काढून त्यांनी दांडीवर टाकला. पट्टी उजव्या हातात घेतली, अंगठा आणि करंगळीत, आणि समोरच्या रस्त्यानं निघाले. मी दारात आले. विहिरीवरच्या बायका पाणी ओढायच्या थांबल्या. कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण त्यांनी हात वर करून ती पट्टी दाखवली. तो हात. त्यानंतर पुढे गेले, पुढच्या घरापाशी पुन्हा थांबले, पुन्हा दाखवली. चपला घालायच्या विसरले होते. मी ते अनवाणी पाय वळणावर पोचेपर्यंत बघत राहिले, आणि त्या दिवशी मला जे वाटलं ते बुटांकडे बघताना कधी वाटलं नव्हतं.

तिन्हीसांजेला आले ते बोलतच आले. होडीवाले सरस वापरतच नाहीत. फळ्यांना गिरमिटानं भोकं पाडतात, आरपार बांबूच्या मेखा ठोकतात आणि फटीत राळ तेलात कढवून भरतात. पाण्यानं बांबू फुगतो आणि उलट घट्ट बसतो. हे सगळं त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं. जेवताना चौथ्यांदा.

नव्या पट्ट्या त्यांनी स्वतः काढल्या. मी दोरी ओढली. दुसऱ्या वाडग्यावर काळ्या-पिवळ्या रेषांमधे जागोजागी पांढरे ठिपके आले, मोहरीएवढे, मेखांची टोकं ती. मुद्दाम काढल्यासारखे दिसत होते. वाडगा झाला तेव्हा मी पाण्याचं नाव काढलं नाही. त्यांनीच पहाटे तो भरला, देवापुढे ठेवला आणि आम्ही तिघं दिवसभर कामाच्या निमित्तानं त्या खोलीत येत जात राहिलो. सासूबाई तर एकच केरसुणी चार वेळा न्यायला आल्या. दिवा लावला तेव्हा पाणी काठाला तसंच होतं.

तर असे बसले तुझे आजोबा घरी. पुढची पंचवीस वर्षं मातीत बसून त्यांनी वाडगे, डबे, करंडे कातले, उरण-पनवेलपर्यंतचे लोक येऊन घेऊन जायचे. लग्नात मुलीला द्यायला ठिपक्यांचा वाडगा हवा म्हणून सांगायचे. कारखाना आठवतो का असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, तिथं मशीनशी बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, माझ्याशी तरी कुठं बोलता कातताना? ते म्हणाले, तू दोरी कशी ओढतेस त्यावरून कळतं मला सगळं.

आता तू निघणार, मला दिसतंय, घड्याळाकडे तिसऱ्यांदा बघितलंस. जा. मैत्रिणींना आता नीट सांग. हे कागद घेऊन जा बरोबर, पण ते वाचलेस म्हणून यायचं टाळू नकोस. सासूबाईंचं मी अजून काहीच सांगितलेलं नाही, आणि ते मला लिहायला जमत नाही, तू समोर असलीस तरच आठवतं. परीक्षा संपली की ये. त्याच्याआधी आलीस तरी चालेल. फोन करून येऊ नकोस, तशीच ये, मी काय कुठं जाते. दोन दिवस राहायचं म्हणून ये, आणि लवकर ये गं.